मूळ दाखला

डॉक्टर आठल्यांच्या फियाटमध्ये मला पुढच्या सीटवर बसवलं होतं आणि माझे वडील, आण्णा, मागे बसले होते. "होणाऱ्या डॉक्टरनं मागे बसायचं नसतं," असं म्हणून डॉक्टरांनी माझ्यासाठी स्वतः दार उघडलं. त्यांनी कुणासाठी गाडीचं दार उघडलेलं तासगावात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. समोरच्या बायका पहाटेच ओट्यावर येऊन उभ्या होत्या. आईनं माझ्या हातावर दही ठेवलं, आण्णांनी फाइल मांडीवर घेतली आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.

त्या फाइलमध्ये सात कागद होते. त्यातला सातवा खोटा होता, आणि गाडीतल्या तिघांपैकी ते फक्त मला ठाऊक होतं.

खोटा म्हणजे अगदी खोटाही नव्हे. कॉलेज सोडल्याच्या दाखल्याची ती झेरॉक्स होती, वर जांभळा गोल शिक्का मारलेली. दाखला असा कागद आहे की तो एकदाच मिळतो. ज्या कॉलेजात तो जमा केला, त्या कॉलेजचे आपण. मेडिकलच्या प्रवेशाच्या मुलाखतीला मूळ दाखला लागतो, हे बोलावण्याच्या पत्रात खाली रेघ मारून लिहिलं होतं. आणि माझा मूळ दाखला मी आठ दिवसांपूर्वी मैत्रिणीकडे जाते म्हणून एसटीनं सांगलीला जाऊन तिथल्या कॉलेजात बीएस्सीच्या खिडकीत देऊन आले होते.

ही गोष्ट सत्याऐंशी सालच्या जुलैमधली. मी सतरा वर्षांची होते. बारावीला मला इतके मार्क पडले की जिल्ह्याच्या पेपरात नाव आलं, आणि नाव आल्या दिवसापासून मी गावाची डॉक्टरीण झाले. दूधवाला कॅन खाली ठेवून पायावरचं गळू दाखवायचा. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं मापसुद्धा न घेता माझ्यासाठी पांढरा कोट शिवून आणला आणि तो अंगाला बसेपर्यंत ही वाढेल, असं आईनं त्याला सांगितलं. आत्या तर माझ्यासाठी मुलगाही डॉक्टरच बघायला लागली होती. या सगळ्यांत मला फिजिक्स-केमिस्ट्री शिकायचंय, हे कुणापुढे आणि कुठल्या तोंडानं सांगायचं?

आण्णांपुढे तर नाहीच. आण्णा, म्हणजे केशव बोंगाळे, सव्वीस वर्षं आठल्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरांचे दोन्ही मुलगे अमेरिकेत होते. माझा निकाल लागला त्या संध्याकाळी पेशंटांच्या समोर डॉक्टर म्हणाले होते, "केशव, माझी ही खुर्ची तुझ्या पोरीची." आण्णा त्या दिवशी घरी आले आणि जेवलेच नाहीत, नुसते हसत बसले. आमच्या घरात सव्वीस वर्षांत कुणी खुर्चीत बसलं नव्हतं. सगळे काउंटरच्या मागे उभे राहिले होते.

माझा बेत असा होता की मला काही बोलावंच लागू नये. खिडकीतला कारकून म्हणेल, मूळ दाखला नाही, प्रवेश नाही. आपण हळहळत परत येऊ. घरचे दोन दिवस देवाला दोष देतील, आणि मग मी हळूच म्हणेन की निदान बीएस्सीला तरी जाते. जे सांगायची मला हिंमत नव्हती ते कागद सांगणार होता. त्या वयात मला हा बेत फार हुशारीचा वाटला होता.

एकच अडचण होती. आण्णा प्रत्येक गोष्ट तीनदा वाचायचे.

कंपाउंडरची ती सवयच असते. फळीवरची बाटली उचलताना तिचं नाव वाचायचं, औषध ओतताना वाचायचं आणि परत ठेवताना पुन्हा वाचायचं. मग ती बाटली रोजची असो, डोळे मिटून हाताला लागणारी असो. आण्णा लग्नपत्रिका तीनदा वाचायचे, विजेचं बिल तीनदा वाचायचे. अशा माणसाच्या मांडीवर ती फाइल होती आणि मला मागे वळून बघता येत नव्हतं.

विटा मागे पडलं तेव्हा मागून प्लॅस्टिकची सळसळ ऐकू आली. एक, दोन, तीन. आण्णा कागद उलटत होते. सात उलटून झाले.

"आहे ना रे सगळं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे. बरोबर आहे सगळं," आण्णा म्हणाले.

मला क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच जास्तच भीती वाटली. दाखल्यावर प्राचार्यांची सही हिरव्या शाईत होती. झेरॉक्समध्ये ती काळी आली होती. ज्या माणसाला दोन पांढऱ्या पुड्यांमधला फरक लांबून कळायचा, त्याला हे कसं दिसलं नाही?

डॉक्टर मजेत होते. पहिलं वर्ष मढी फाडण्याचं, घाबरायचं नाही, असं सांगत होते. "आणि पुढे बाळंतपणाचं घे. बायकांना बाईच डॉक्टर हवी असते. तासगावात तुला मरायला फुरसत मिळणार नाही."

मी हो म्हटलं. त्या प्रवासात मी शंभर वेळा तरी हो म्हटलं असेन.

साताऱ्याला चहाला थांबलो. हॉटेलात आण्णांनी फाइल टेबलावर न ठेवता काखेत धरली होती आणि दुसरा हात सारखा छातीवर जात होता. डावीकडे, सदऱ्याच्या आत बंडी असते तिथं. हात ठेवायचे, दाबायचे, काढायचे.

"छातीत दुखतंय का आण्णा?"

"नाय गं. वडा खा तू."

"मग हात का लावताय सारखा?"

"पहाटे उठलं की होतंय तसं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं नव्हे, जरा जास्त वेळ. "तुला काय सांगायचंय का हेमा?"

डॉक्टर बिल द्यायला गेले होते. टेबलाशी आम्ही दोघंच होतो. याहून बरी वेळ मिळणार नव्हती. माझ्या हातातला वडा गार होत होता. मी म्हटलं, "नाही. काय सांगायचंय?"

"बरं," आण्णा म्हणाले, आणि तिथंच उभ्या उभ्या फाइल उघडून त्यांनी दुसऱ्यांदा सातही कागद बघितले. सातव्यावर त्यांचं बोट थांबलं, शिक्क्यावरून फिरलं. "बरोबर आहे," ते म्हणाले.

आता त्यांना दुखत असणार आणि ते आपल्यापासून लपवतायत, हे माझ्या मनानं घेतलं. या माणसाच्या छातीत कळ येतेय आणि आपण त्याला आणखी धक्का द्यायला निघालोय. पुढचा सगळा घाट मी स्वतःला शिव्या घालत होते.

आता वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय होतं त्या फिजिक्स-केमिस्ट्रीत. मलाही त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं. सांगायचं तर एक बाटली सांगावी लागेल.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. हिवतापाचं क्विनीनचं मिक्श्चर आण्णा स्वतः करायचे आणि काचेच्या बाटलीला मात्रांच्या खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचे. एकदा अशी बाटली खिडकीत उन्हात राहिली होती. औषध पाण्यासारखं नितळ, पण बाटलीच्या कडेला निळा उजेड दिसत होता. मी आण्णांना दाखवला. त्यांनी तो रोज बघितलेला होता. त्यांनी मला एका छोट्या नळीत थोडं क्विनीन काढून दिलं, खेळायला. मी शहाणपणा करून त्यात डब्यातलं मीठ टाकलं, आणि निळा उजेड गेला. विझला म्हणा ना. पाणी तेच, ऊन तेच, आणि निळं नाही. औषधाची वाट लावली म्हणून मी रडायला लागले. आण्णा मात्र चष्मा वर करून नळी उन्हात फिरवत राहिले. मग त्यांनी स्वतः दुसऱ्या नळीत मीठ टाकून बघितलं. मग तिसऱ्या. तिन्ही विझल्या.

"असं का होतं आण्णा?"

"मला न्हाई ठाऊक. डॉक्टरना विचारतो."

त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "केशव, त्यानं पेशंटला काही फरक पडतो का? नाही ना? मग बाटल्या भर." आण्णा बाटल्या भरायला गेले. मी ते दारात उभी राहून ऐकलं होतं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, बाहेर तीस पेशंट बसलेले होते. पण त्या दिवसापासून मला कळायला लागलं की ज्या प्रश्नानं पेशंटला फरक पडत नाही, त्यानं मला पडतो.

मुलाखतीचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. पोरं गप्प आणि आईबाप बोलत होते. पुढे फळ्यावर शिल्लक जागा खडूनं लिहिलेल्या होत्या, दर मुलामागे एकेक आकडा पुसला जात होता. माझा नंबर चौसष्ट. साठावा पुकारला तेव्हा आण्णांनी तिसऱ्यांदा फाइल उघडली. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि या वेळी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. त्यांनी सातवा कागद बघितला, पहिल्या दोन वेळांइतकाच. फाइल बंद केली. हात पुन्हा छातीवर गेला.

"हेमा," ते हळूच म्हणाले, "माझ्याकडनं एकदा औषध चुकलं होतं, सांगितलंय का तुला कधी? तू झाली नव्हतीस. पोराच्या मिक्श्चरमध्ये मोठ्या माणसाचा डोस पडला. बाई बाटली घेऊन पायऱ्या उतरली होती. मी पळत जाऊन बाटली हिसकून घेतली. सगळ्या पेशंटांदेखत डॉक्टरनी माझी चामडी लोळवली."

"मग?"

"मग काय? पोरगं जगलं. चूक झाली तर बाटली घरी पोचायच्या आत सांगायची. मग कुणी काय बोलू दे."

मला वाटलं हे वेळ घालवायला बोलतायत. इतकी मी माझ्या हुशार बेतात बुडालेली होते.

"चौसष्ट. बोंगाळे हेमलता केशव."

आम्ही तिघंही टेबलाशी गेलो. कारकून भराभरा कागद उलटत होता, हिरव्या पेन्सिलीनं खूण करत होता. सहा खुणा झाल्या. सातव्याला पेन्सिल थांबली.

"ही झेरॉक्स आहे. मूळ दाखला?"

आण्णांनी उजवा हात सदऱ्याच्या आत घातला आणि तो तसाच तिथं राहिला.

"मूळ दाखला कुठाय?" कारकुनानं परत विचारलं. "त्याशिवाय प्रवेश होत नाही. पत्रात लिहिलेलं आहे."

"केशव?" डॉक्टरांचा आवाज चढला. "अरे, दोनदा तीनदा बघितलंस ना तू? बरोबर आहे म्हणालास ना?"

"म्हणालो," आण्णा म्हणाले.

"आणि ही झेरॉक्स? सव्वीस वर्षं माझ्याकडे कामाला आहेस, एक कागद नीट आणता येत नाही तुला? पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे आणि तू झेरॉक्स घेऊन आलास?"

मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. आण्णा खाली बघत उभे होते. ज्या माणसाची पायरीवरची एक चूक सोडली तर दुसरी कुणाला माहीत नव्हती, तो माणूस माझी चूक अंगावर घेऊन एका शब्दानं उत्तर देत नव्हता. हात तसाच छातीशी होता. माझ्या बेतात कारकून होता, देव होता, हळहळ होती. आण्णांना कुणी बोलेल, हे मात्र त्यात कुठं नव्हतं.

"त्यांनी नाही आणला," मी म्हटलं. "मूळ दाखला मी सांगलीला दिलाय. बीएस्सीला. गेल्या बुधवारी. घरात कुणाला ठाऊक नाही. मला मेडिकलला जायचं नाही."

डॉक्टर हसले, लहान मूल काहीतरी बरळलं म्हणजे हसतात तसे. "बीएस्सी? अगं, ज्याला कुठंच जागा मिळत नाही तो बीएस्सी करतो. मास्तरीण व्हायचंय तुला? वर्गात खडू झिजवणार?"

"मला माहीत नाही काय होईन ते."

"मग ज्याचं माहीत आहे ते सोडतेस कशाला?" ते कारकुनाकडे वळले. "साहेब, पोर आहे. आतले सर माझ्या ओळखीचे आहेत. उद्या सकाळी अकरापर्यंत दाखला आणून देतो. तेवढी मुदत द्या."

कारकून आत जाऊन आला. "साहेब म्हणतात, उद्या अकरा. मिनिटभर पुढे नाही. तेवढा वेळ जागा धरून ठेवतो."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला. "चल केशव. आत्ता निघालो तर सांगलीच्या त्या कारकुनाला घरी जाऊन गाठू."

एवढं बोलूनही काहीच झालं नव्हतं. जागा तिथंच होती, उद्या अकरापर्यंत. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. साताऱ्याला बघितलं होतं तसंच, वेळ घेऊन. मग सदऱ्याच्या आतला हात बाहेर काढला. हातात काही नव्हतं.

"नको डॉक्टर," ते म्हणाले.

"काय नको?"

"मुदत नको. ती नाही म्हणतीय."

सव्वीस वर्षांत आण्णांनी डॉक्टरांना नको म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. "तुला कळतंय का, तू काय घालवतोयस?" एवढंच ते म्हणाले.

"कळतंय," आण्णा म्हणाले. "माझ्याइतकं कुणाला कळणार?"

हक्क सोडत असल्याचं मला लिहून द्यावं लागलं. खाली पालकाची सही लागत होती. आण्णांनी तो कागद तीनदा वाचला आणि सही केली. पासष्ट नंबरची मुलगी पुकारली गेली. तिचे वडील घाईघाईनं पुढे येताना माझ्या पायावर पाय देऊन गेले.

परतताना पुढची सीट रिकामी राहिली. आम्ही दोघं मागे बसलो. आईला काय सांगायचं, आत्याला काय, तो पांढरा कोट कुठं ठेवायचा, असं काहीबाही माझ्या डोक्यात चाललं होतं. आण्णांचा हात मात्र नंतर एकदाही छातीवर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीशी डोळे पुसत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. दवाखान्यात जायला निघताना आण्णा माझ्याजवळ आले. बंडीच्या खिशातून त्यांनी घडी घातलेलं पाकीट काढलं. घामानं मऊ पडलेलं.

"हे आज सांगलीला नेऊन दे. सोमवारपर्यंतची मुदत आहे. न्हाई दिलंस तर तिथलंही नाव काढतील."

मी पाकीट उघडलं. आत माझा दाखला होता. हिरव्या शाईतली सही असलेला.

"हा तुमच्याकडे कसा?"

"शनिवारी फाइल लावली तेव्हाच कळलं. सही काळी होती. तुझ्या पुस्तकात सांगलीच्या कॉलेजची पावती मिळाली. सोमवारी जाऊन अर्ज देऊन मागून आणला, आठवड्याच्या बोलीवर."

"म्हणजे काल..."

"काल खिशात होता."

टेबलाशी त्यांनी हात आत घातला होता तेव्हा बोटं याच पाकिटावर होती. डॉक्टर चारचौघांत बोलत होते तेव्हाही. कागद पुढे टाकला असता तर ते दोन वाक्यांत निर्दोष सुटले असते, मी डॉक्टर झाले असते आणि खुर्ची आमच्या घरात आली असती.

"मग दिला का नाही?"

"देणारच होतो. काढायला हात घातलाच होता." ते चपला घालायला लागले. "तेवढ्यात तू बोललीस. मी सकाळपासून वाट बघत होतो, तू बोलतीस का गप्प बसतीस. गप्प बसली असतीस तर दिला असता बघ. कागदाच्या आड लपणाऱ्या माणसानं डॉक्टर झालेलंच बरं. पगार तरी चांगला."

मला हसू आलं आणि रडूही. ते दारात थांबले.

"ते मिठानं निळं का जातंय, ते शिकवतात का तिथं?"

"ठाऊक नाही आण्णा."

"बघ विचारून. कळलं की मला सांग."

त्याची किंमत आण्णांनी दिली. डॉक्टर सहा महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. तीन वर्षांनी त्यांनी दवाखाना एका तरुण डॉक्टरला दिला. नवा डॉक्टर गोळ्यांच्या पाकिटांवर काम भागवायचा, त्याला मिक्श्चर करणारा माणूस नको होता. पंचावन्नाव्या वर्षी आण्णा दुसऱ्याच्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले. एकदाही त्यांनी मला त्यावरून बोलून दाखवलं नाही, आणि बोलून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

उत्तर मिळायला मला पाच वर्षं लागली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी सुट्टीत घरी आले, दुपारी आण्णा जेवून बसले होते, तेव्हा मी सांगितलं. क्विनीनचा कण ऊन ओंजळीत धरतो आणि निळं करून परत टाकतो. मिठातला क्लोराइड मध्येच येऊन धडकतो, ओंजळ हलते आणि ऊन परत टाकायच्या आतच सांडून जातं. म्हणून विझतं.

आण्णांनी चष्मा वर केला. "पुन्हा सांग," म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"आणखी एकदा," आण्णा म्हणाले.